दोष कमोडचा

पुण्यात नवा फ्लॅट बघायला गेलेला माणूस आधी भिंतीकडे बघत नाही, खिडकीकडे बघत नाही आणि किमतीकडे तर नाहीच बघत, कारण ती बघून काही उपयोग नसतो. लिफ्टमधून बाहेर पडल्यावर तो मोबाइल आडवा धरतो आणि जागच्या जागी गोल फिरू लागतो. सोबत बायको, सासरे आणि साइट ऑफिसातला टाय लावलेला मुलगा. तिघंही अदबीनं थांबतात. मोबाइलमधलं होकायंत्र लिफ्टच्या लोखंडाशेजारी, स्लॅबातल्या सळ्यांवर आणि सेफ्टी डोअरच्या पुढ्यात धरलेलं असतं. सुई बिचारी जमेल तसं उत्तर दाखवते. दोन पावलं सरकलं की ईशान्येची पूर्व होते. टायवाला मुलगा अनुभवी असतो. तो म्हणतो, “सर, इथे उभे राहा. इथे बरोबर दाखवतं.”

जाहिरातीत तर प्रश्नच मिटलेला असतो. ‘संपूर्ण वास्तुशास्त्रानुसार’ असं ठळक अक्षरात छापलेलं. एका मजल्यावर चार फ्लॅट, मधे लिफ्ट आणि जिना, दारं समोरासमोर. तरी चारही घरं शास्त्रशुद्ध. समोरासमोरच्या दोन दारांतलं एक पूर्वेला उघडत असेल तर दुसरं पश्चिमेला उघडणार, हे कळायला ऋषी लागत नाहीत. पण बुकिंगच्या दिवशी सगळेच श्रद्धाळू असतात आणि बिल्डर सगळ्यात जास्त.

फसतो तो दक्षिणमुखी फ्लॅट. त्याचं नाव निघालं की एजंटचा आवाज खाली येतो. “तसा साउथ फेसिंग आहे, पण...” या ‘पण’मध्ये घासाघीस करायला भरपूर जागा असते. या शहरात नास्तिकाला मिळणारी बहुधा ही एकमेव सवलत. ती घ्यावी, आणि कुणी विचारलं तर सांगावं की आम्हाला नाइलाजानं घ्यावा लागला. पुण्यात स्वस्तात मिळालं म्हणून सांगितलं की लोकांना आपल्या अकलेचा संशय येतो.

आता मूळ मुद्दा. फ्लॅट घेऊन झाला, हप्ते सुरू झाले, पहिला पाऊस झाला आणि बेडरूमच्या कोपऱ्यात ओल आली. मुलगा अभ्यास करत नाही, नवऱ्याचं प्रमोशन अडलंय, सासूबाईंचे गुडघे दुखतात. मग कुणाच्या तरी ओळखीनं वास्तुतज्ज्ञ येतात. घरभर फिरतात, बोलत नाहीत, वहीत चौकोन काढतात. त्यांनी बोलावं म्हणून चहा होतो. चहानंतर ते एकच वाक्य बोलतात, “तुमचं कमोड ईशान्येला आहे.”

घरात स्मशानशांतता. ताबा मिळाल्यापासून त्या कमोडनं मुकाट्यानं सेवा केलेली असते. आता प्रमोशन, गुडघे, गणितातले मार्क सगळं त्याच्या अंगावर. ओलीचं काय, असं कुणी विचारलं तर उत्तर तयार असतं: ती ओल म्हणजे त्याच दोषाचं दृश्य रूप.

उपाय मात्र सोपा. जाहिरातीतला हुकमाचा शब्दच आहे, ‘विनातोडफोड’. प्लास्टिकचे पिरॅमिड चिकटवा. उंबऱ्याखाली तांब्याची तार टाका. खडेमिठाची वाटी संडासात ठेवा आणि दर आठवड्याला मीठ बदला. इमारतीत दोष आहे, पण इमारतीला हात न लावता तो दुरुस्त होतो. हे तंत्र महापालिकेच्या पथ विभागाला अजून कसं कळलं नाही, याचं आश्चर्य वाटतं. खड्ड्याच्या चार बाजूंना चार पिरॅमिड ठेवले की झालं.

इथे एक गंमत आहे, आणि या सदरात मला एवढंच सांगायचंय. ओल कमोडमुळे आली असं ठरलं की ती बिल्डरमुळे आली नाही असंही त्याच बैठकीत ठरून जातं. पाइप कुणी जोडला, वॉटरप्रूफिंग कुणी खाल्लं, बाथरूमचा उतार उलटा कुणी दिला, हे सगळे प्रश्न चहाबरोबर संपतात. मालक स्वतःच्या घराला गुन्हेगार ठरवतो, स्वतःच दंड भरतो, आणि ज्यानं घर बांधलं तो पुढच्या टॉवरच्या भूमिपूजनाला नारळ फोडत असतो. मुहूर्त अर्थातच त्याच तज्ज्ञांनी काढलेला.

खरं म्हणजे आपल्या देशात कायद्यानं मान्य केलेला एक वास्तुदोष आहे. रेरा कायद्याचं कलम १४ सांगतं की ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामात किंवा कामाच्या दर्जात दोष सापडला, तर ग्राहकानं कळवल्यापासून ३० दिवसांत बिल्डरनं तो जादा पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा. नाही दिला तर ग्राहकाला भरपाई मागता येते. त्याला पिरॅमिड लागत नाही. तारीख घातलेला अर्ज, फोटो आणि पोच लागते. पण पोच घेताना बिल्डरशी वाईटपणा येतो. कमोडशी वाईटपणा आला तर कमोड काय करणार?

पाचवं वर्ष उलटायच्या बेताला घरोघरी मिठाच्या वाट्या दिसू लागतात, हा निव्वळ योगायोग समजावा.

घराचं राहू द्या. चहा पिऊन झालाच आहे तर तज्ज्ञांना विनंती करू की अख्ख्या पुण्याचीच वास्तू तपासा. नकाशा पसरा, शनिवारवाडा मध्ये धरा. नैर्ऋत्येला काय आहे? नियम असा की नैर्ऋत्य जड हवी, उंच हवी, तिथे पाणी अजिबात नको. तिकडे सिंहगड आहे, म्हणजे जडपणाला तोड नाही. तज्ज्ञ खूश. पण त्याच अंगाला खडकवासला आहे. त्याच्या मागे पानशेत, वरसगाव, टेमघर. अख्खं शहर पिढ्यान्‌पिढ्या नैर्ऋत्येचं पाणी पितंय आणि वाढतंय. वाढतंय ते इतकं की आता थांबवा म्हणायची वेळ आली.

तज्ज्ञ लगेच बोट नाचवतील: “आणि १९६१?” बरोबर. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, त्या लोंढ्यानं खडकवासल्याची भिंत गेली आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पण ते धरण नैर्ऋत्येला होतं म्हणून फुटलं नाही. काम पुरं व्हायच्या आत त्यात पाणी अडवलं होतं म्हणून फुटलं. दिशा तीच राहिली, धरण पुन्हा बांधलं, आणि आपण त्याच दिशेचं पाणी पितोय.

त्याआधीची गोष्ट अजून बेशिस्त. अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून शहरात पाणी आणलं. तलाव, उच्छ्वास, जमिनीखालचा दगडी नळ, पेठापेठांत हौद. कात्रज पुण्याच्या दक्षिणेला. दक्षिण म्हणजे यमाची दिशा. तिथून आलेलं पाणी शनिवारवाड्याच्या कारंज्यांत नाचलं आणि गावातल्या हौदांत लोकांनी हंडे भरले. पेशव्यांच्या दरबारात शास्त्री कमी नव्हते. एकानंही अडवलं नाही, कारण कात्रजचा घाट उंचावर आहे आणि पाणी उतारानं येतं, एवढं त्या काळच्या शास्त्र्यांना कळत होतं.

ईशान्येला बघा. ईशान्य देवाची, पवित्र, तिथे स्वच्छ पाणी असावं. पेठांच्या त्या अंगाला मुळा-मुठेचा संगम आहे. याहून शास्त्रशुद्ध शहर काढून दाखवा! फक्त त्या संगमात आपण शहराचं मैलापाणी सोडतो, आणि त्यातलं बरंच प्रक्रिया न करता. जपानी कर्जातून ११ नवी मैलाशुद्धीकरण केंद्रं बांधायची योजना कधीची चालू आहे. तोवर लाखो घरांचा संडास थेट ईशान्येला. घरातलं कमोड हलवायला तीन लाख खर्च करणारा माणूस त्याच कमोडमधलं पाणी शहराच्या ईशान्येला जातं, याची चौकशी करत नाही. त्याच्या हद्दीत मिठाची वाटी ठेवलेली आहे.

आता खुद्द वाडा. १० जानेवारी १७३०ला शनिवारवाड्याचा पाया घातला, २२ जानेवारी १७३२ला वास्तुशांत झाली. खर्च १६,११० रुपये. मुख्य दरवाजा उत्तरेला, दिल्लीकडे तोंड करून. उत्तर म्हणजे कुबेराची दिशा. आजच्या भाषेत प्रीमियम लोकेशन, नॉर्थ फेसिंग. मालक पहिले बाजीराव, न हरलेला सेनापती. आणि कुबेराच्या दिशेला एवढं खिळेदार दार उघडूनही हा माणूस आयुष्यभर कर्जात. ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत सावकारांच्या तगाद्याची रड आहे. कुबेर पत्त्यावर आला असेल, पण मोहिमेचा खर्च ऐकून परत गेला असावा.

पुढे ३० ऑगस्ट १७७३ला नारायणरावांचा त्याच वाड्यात खून झाला. १७९५च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव तिथेच वरून पडले आणि गेले. नोव्हेंबर १८१७मध्ये वाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. फेब्रुवारी १८२८मध्ये आग लागली आणि आतलं सगळं गेलं. यातल्या प्रत्येकाला तज्ज्ञ दोष शोधून देतील. घटना घडून गेल्यावर दोष शोधण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नाही. फक्त नारायणरावांच्या वेळी गारद्यांचा पगार थकला होता आणि काकांची नियत फिरली होती, ही बारीकसारीक कारणं त्या वहीतल्या चौकोनात बसत नाहीत. वास्तुशांत मात्र यथासांग झाली होती. दक्षिणाही पोचली होती.

वास्तुशांतीवरून आठवलं. रीत अशी की वास्तुपुरुषाची प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात जमिनीत पुरायची. वाड्यात जमीन होती. अकराव्या मजल्यावर काय आहे? पाच-सहा इंच स्लॅब, आणि त्याखाली दहाव्या मजल्यावरच्या माणसाचं फॉल्स सीलिंग. सैल फरशीखाली वास्तुपुरुष बसवतात, वरून पांढरं सिमेंट. आपला वास्तुपुरुष पालथा पडून खालच्यांच्या पंख्याकडे बघत राहतो. घरात अभद्र बोलू नये, वास्तुपुरुष ‘तथास्तु’ म्हणतो, असं आजी सांगायची. खालच्या मजल्यावर वरच्यांच्या गळतीबद्दल जे बोललं जातं, त्याला तो काय म्हणत असेल?

एवढ्यावर भागत नाही म्हणून नव्वदच्या दशकात फेंगशुई आली. आधी हॉटेलांत, मग बुटिकांत, आणि बघता बघता तुळशीबागेत. हळदीकुंकवाच्या करंड्याशेजारी तीन पायांचा बेडूक, तोंडात नाणं. बेडकाचं तोंड घराच्या आत हवं, नाहीतर पैसा बाहेर उडी मारतो म्हणे. लाफिंग बुद्धा स्वतःसाठी घ्यायचा नसतो, भेट मिळालेलाच लाभतो. त्यामुळे दोन मैत्रिणी एकाच दुकानातून दोन घेतात आणि दुकानाच्या पायरीवर एकमेकींना देतात. नशिबालाही पळवाट लागते, आणि ती आपल्याइतकी झटकन कुणाला सापडत नाही.

हा हसरा गृहस्थ गौतम बुद्ध नव्हे. तो बुदाई, दहाव्या शतकातला एक फिरस्ता चिनी भिक्षू. त्याची सगळी इस्टेट म्हणजे खांद्यावरची एक झोळी. ज्यानं आयुष्यात एक पैसा साठवला नाही, त्याला आपण पैसा साठवायच्या नोकरीवर लावला. शेजारी काचेच्या बरणीत लकी बांबू. तो बांबू नव्हे, ड्रॅसिना, आफ्रिकेतलं झुडूप. म्हणजे बुद्ध बुद्ध नाही, बांबू बांबू नाही, आणि नशीब तेवढं अस्सल.

मौज दिशेची आहे. चिनी परंपरेत घर दक्षिणेला तोंड करून असणं सगळ्यात उत्तम. बीजिंगचा बादशाही राजवाडा १४२०मध्ये पुरा झाला, त्याचं मुख्य दार दक्षिणेला. तिथला बादशहा सिंहासनावर बसायचा तोही दक्षिणेकडे तोंड करून. कारण साधं आहे. बीजिंग ४० अंश उत्तरेला. हिवाळ्यात उत्तरेकडून हाडं फोडणारा वारा येतो, आणि दक्षिणेकडून येतं ते ऊन. तिथे उत्तरेला दार ठेवणारा गारठून मरेल. पुणं साडेअठरा अंशांवर. इथे मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली गडप. या दोन तारखांच्या मधल्या काळात तर दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. यमाची दिशा सोडून तो कुबेराकडे मुक्कामाला जातो, आणि कुणाच्या बँक खात्यात त्याची नोंद होत नाही.

तरी एकाच दिवाणखान्यात दोन्ही शास्त्रं नांदतात. वास्तुवाले म्हणतात दक्षिणेचं दार लावा, फेंगशुईवाले म्हणतात दक्षिणेला लाल दिवा लावा, कीर्ती वाढेल. मालक दार लावतो आणि दिव्याचं बिल भरतो. भारत-चीन सीमेवर इतका सामंजस्याचा तोडगा अजून निघालेला नाही. खुद्द चीनमध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या सभासदाला असले अंधश्रद्धेचे प्रकार केले म्हणून शिस्तभंगाची कारवाई होते. बेडूक मात्र निर्यातीला मोकळे.

जुन्या ग्रंथांना नावं ठेवायची माझी इच्छा नाही. उलट ते वाचले जात नाहीत हीच तक्रार आहे. वराहमिहिराची बृहत्संहिता सहाव्या शतकातली. त्यात जमीन तपासायची रीत दिली आहे: एक हात खोल खड्डा खणा, निघालेली माती परत त्यात भरा. माती उरली तर जमीन चांगली, पुरली नाही तर वाईट. किंवा खड्डा पाण्यानं भरा, शंभर पावलं चालून परत या आणि पाणी किती उरलं ते बघा. हे आजच्या सिव्हिल इंजिनिअरलाही पटेल, भुसभुशीत जमिनीवर घर बांधू नये एवढाच अर्थ. म्हणजे हे शास्त्र घर बांधायच्या आधी, जागा निवडताना वापरायचं होतं. आपण ते ताबा मिळाल्यावर चौदाव्या मजल्यावर बोलावतो, जिथे खणायला कुंडी सोडून काही नाही.

त्याच ग्रंथात कुठल्या वर्णाला कुठल्या रंगाची माती आणि केवढं घर, याचाही हिशेब आहे. पांढरी माती ब्राह्मणाला, काळी शूद्राला, आणि घराची मापंही त्याच उतरंडीनं. हा भाग तज्ज्ञ चहाबरोबर गिळतात. शास्त्र अपरिवर्तनीय आहे म्हणायचं आणि गिऱ्हाईक दुखावेल तेवढी पानं चिकटवून टाकायची. ही निवड त्यांनी स्वतःच्या विवेकानं केली असेल तर त्याच विवेकानं आणखी काही पानं चिकटवायला हरकत नसावी.

जुन्या वाड्यांतलं शहाणपण दिशेपेक्षा चौकात होतं. मधोमध उघडा चौक, त्यातून उजेड आणि वारा, भोवती ओसऱ्या, पश्चिमेची दुपार अडवायला जाड भिंत. आज त्या चौकाचा उरलाय डक्ट. तीन फूट रुंद, त्यात दहा घरांचे पाइप, कबुतरं आणि वरच्यांच्या फोडणीचा वास. बाथरूमची आणि कधीकधी स्वयंपाकघराचीही खिडकी त्यात उघडते. डक्टला दिशा कोणती, हे एकाही तज्ज्ञानं सांगितल्याचं ऐकिवात नाही.

बरं, हे सगळं खरं की खोटं याचा निकाल लावायला परदेशी विद्यापीठ नको. पुण्यात एकदा असा निकाल लावून झालाय. २००८च्या सुमारास जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी ज्योतिषाची चाचणी घेतली. १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका. ५१ ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका पाठवल्या, यातलं कोण कुठलं ते सांगा म्हणून. उत्तरं आली २७ जणांकडून. बरोबर आलेली उत्तरं सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर ५० आली असती, आणि नाण्याला दक्षिणा लागत नाही. निबंध २००९मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये छापून आला. ज्योतिषांच्या धंद्यावर काही परिणाम झाला का? तुम्ही पुण्यात राहता, तुम्हीच सांगा.

वास्तूची चाचणी त्याहून सोपी. पुण्यातली प्रत्येक बारा मजली इमारत म्हणजे तयार प्रयोगशाळा आहे. १०१पासून १२०१पर्यंत बारा घरं एकावर एक. तेच दार, तीच शेगडी, तेच कमोड, त्याच दिशेला. १०१मधली मुलगी जर्मनीत. २०१मध्ये स्पर्धा परीक्षेचा पाचवा प्रयत्न. ३०१मध्ये घटस्फोट, ४०१मध्ये साठीशांत. ५०१ भाड्यानं, सहा मुलं राहतात, सगळी आनंदात. ६०१चा मेंटेनन्स दोन वर्षं थकलेला, ७०१नं दुसरा फ्लॅट घेतला. दिशा एक, नशिबं बारा. सेक्रेटरीकडे सगळी नोंद आहे, आणि सेक्रेटरीच्या बायकोकडे उरलेली.

हे तज्ज्ञांना सांगितलं तर ते म्हणतात, घर एक असलं तरी पत्रिका वेगळ्या. पत्रिकेवाल्याकडे गेलात तर तो म्हणतो, पत्रिका ठीक आहे, पूर्वकर्म बघा. अर्ज एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर. पुणेकराला ही पद्धत महापालिकेमुळे अंगवळणी पडलेली आहे, म्हणून तो तक्रार करत नाही.

कायद्याचं म्हणाल, तर २०१३च्या २० ऑगस्टला दाभोलकरांचा याच शहरात, ओंकारेश्वराजवळच्या पुलावर खून झाला आणि त्याच वर्षाअखेरीला जादूटोणाविरोधी कायदा एकदाचा झाला. त्या कायद्यानं ज्या गोष्टी स्पष्टपणे वगळल्या, त्यात वास्तुशास्त्राचा सल्ला आहे आणि जोशी, नंदीबैलवाले यांचं भविष्यही आहे. वास्तुतज्ज्ञ आणि नंदीबैलवाला शेजारी शेजारी. मला यात नंदीबैलवाल्यावर अन्याय झालेला दिसतो. त्याचा बैल निदान मान हलवून दाखवतो, आणि तो सुपातल्या धान्यावर जातो. भिंत पाडायला सांगत नाही.

हसण्यावारी न्यायची नाही अशीही एक बाजू आहे. मूल होत नाही म्हणून पलंगाची दिशा बदलत बसलेली जोडपी आहेत, डॉक्टर नंतर. नवऱ्याचा धंदा बसला तर सुनेनं शेगडीवर कुठल्या दिशेला तोंड करून उभं राहायचं याचे हुकूम निघतात. दिशा घराची बिघडते आणि मान वळवावी लागते ती तिला. अशा घरात तज्ज्ञ दोनदा येतात, आणि दुसऱ्या वेळी फी वाढलेली असते.

कुणाला घराची वास्तू खरोखर तपासायची असेल तर होकायंत्रापेक्षा पूररेषेचा नकाशा मागवा. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभरांतून एकदाच्या. २५ जुलै २०२४ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत माणसं जागी झाली ती घरात आलेल्या मुठेनं. नदी त्या वस्तीच्या उत्तरेच्या अंगाला. उत्तरेला पाणी म्हणजे शास्त्रानुसार धनलाभ. तळमजल्यांतून फ्रिज, सोफे आणि गाद्या वाहत्या झाल्या. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्यानं अरण्येश्वर, सहकारनगरच्या बाजूला माणसं नेली, भिंती नेल्या, गाड्या एकमेकींवर रचून ठेवल्या. ओढा कुठल्या दिशेला होता याची चर्चा तेव्हा झाली नाही. तो होता त्या जागी काय काय बांधलं होतं, याची थोडी झाली आणि पाणी ओसरल्यावर तीही ओसरली.

भोगवटा पत्र आहे का, ते बघा. जमीन सोसायटीच्या नावावर झाली का, ते बघा. पश्चिमेच्या खिडकीला छज्जा आहे का, फायरची गाडी आत वळते का, टँकरचं बिल महिन्याला किती. यातला एकही दोष विनातोडफोड जात नाही, म्हणून त्यावर व्याख्यानं होत नाहीत.

नगर रस्त्याकडच्या एका सोसायटीनं मात्र सामुदायिक उपाय केलाय. फाटक दक्षिणेला होतं. सभेत ठराव झाला, वर्गणी निघाली, दक्षिणेचं फाटक बंद करून उत्तरेच्या बोळात नवं उघडलं, पूजा झाली. दुसऱ्या दिवशी कळलं की बोळात टँकर वळत नाही. रोजचे नऊ टँकर. विशेष सभा बोलावली. आता माणसं उत्तरेनं ये-जा करतात आणि दक्षिणेचं फाटक फक्त टँकरपुरतं उघडतं. पैसे घ्यायला टँकरवाल्याला इमारतीला वळसा घालून उत्तरेच्या फाटकावर यावं लागतं. लक्ष्मी दक्षिणेनं बाहेर जाऊ नये म्हणून. टँकरवाल्यानं त्या चालण्याचे फेरीमागे पन्नास रुपये वाढवले आहेत.